लाइनीतली माणसं

शाळेत असताना कुणी पत्ता विचारला की मी शक्यतो "बसस्टँडच्या मागे" एवढं सांगून गप्प बसायचो. खरा पत्ता होता पोलीस लाइन, खोली नंबर १७. वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली किंवा कुणाच्या सायकलची हवा कुणी सोडली की एक मास्तर हमखास विचारायचे, "लाइनीतली पोरं कोण कोण आहेत रे? उभे रहा." आम्ही सात-आठ जण उभे राहायचो. बाप चोर पकडणारे आणि पोरांवर चोरीचा संशय! यातला विनोद तेव्हाही कळायचा, फक्त हसू यायचं नाही.

गेल्या वर्षी ती लाइन पाडली. धाकट्या भावाने मोबाइलवर फोटो पाठवला. जेसीबी, कौलांचा ढीग आणि मागे अर्धवट उभी असलेली एक हिरवी भिंत. ती आमचीच, कारण तो रंग बाबांनी एका दिवाळीला स्वतः लावला होता. आईने चष्मा चढवून फोटो पाहिला आणि म्हणाली, "गेली आपली लाइन."

घर गेलं नाही, खोली गेली नाही. लाइन गेली. जो शब्द सांगायची मला लाज वाटायची तो ती माहेराबद्दल बोलावं तसा बोलत होती. मग मला हा शब्द काही सोडेना. आपण तो दिवसातून वीस वेळा वापरतो. रेशनची लाइन, रेल्वेची लाइन, फोनची लाइन. "कुठल्या लाइनला आहेस सध्या?" असं नोकरीबद्दल विचारतो आणि "लाइनीवर आणतो त्याला" अशी धमकीही देतो. 'लाइन मारणे'बद्दल इथे लिहीत नाही, आत्या हा ब्लॉग वाचते. पण माणसांनी राहायच्या जागेला लाइन का म्हणायचं? आमची आळी नाही, चाळ नाही, वाडा नाही, वसाहतसुद्धा नाही. लाइन! शोधत बसलो, आणि बरंच काही हाती लागलं.

इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायला गेलं की बहुतेक वेळा लॅटिन निघतं, आणि आपण "असेल बुवा" म्हणून पुढे जातो. इथे मात्र त्या लॅटिनच्याही मुळाशी जवसाचं रोप निघालं. तेच ते, ज्याची आई चटणी करते. जवसाला लॅटिनमध्ये म्हणतात लिनम. आपण ते पिकवतो बियांसाठी. युरोपात आणि इजिप्तमध्ये त्याच्या खोडातून धागा काढायचे. इजिप्तमधल्या ममी ज्या कापडात गुंडाळलेल्या असतात ते याच धाग्याचं, म्हणजे लिनन. या लिनमपासून लिनिया म्हणजे जवसाचा दोरा, आणि लिनियापासून लाइन. म्हणजे मुळात लाइन म्हणजे रेघ नव्हे, रांग नव्हे, तर दोरी. हाताने ओढता येणारी, गुंडाळून खिशात ठेवता येणारी.

एकदा हे कळलं की याची भावंडं सगळीकडे दिसायला लागतात. कोटाच्या आत लिननचं कापड लावायचे म्हणून अस्तराला लायनिंग. (आपल्याकडे मात्र 'लायनिंगचा शर्ट' म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. त्यामुळे लायनिंगच्या कापडाला लायनिंग लावायचं असेल तर शिंप्याला दोनदा समजावून सांगावं लागतं.) १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये जवसाच्या तेलापासून जमिनीवर अंथरायची शीट निघाली, ती लिनोलियम. आणि लहानपणी आम्ही बॅटला ज्या तेलाचा हात द्यायचो तेही जवसाचंच. म्हणजे बोलर ज्या 'लाइन'वर टाकतो आणि बॅट्समन ज्या तेलाची बॅट घेऊन उभा असतो, ती एकाच झाडाची. मराठी कॉमेंट्रीवाल्यांनी मात्र 'लाइन आणि लेंथ'चं 'दिशा आणि टप्पा' केलं. इतकं चांगलं भाषांतर क्वचित होतं.

असो. दोरीची रेघ कशी झाली हे पाहायचं तर सुताराकडे जावं. तो दोरी गेरूत नाहीतर रंगात बुडवतो, फळीवर दोन टोकांना ताणून धरतो आणि मधोमध चिमटीत उचलून सोडतो. फट्! फळीवर सरळ रेघ उमटते. दोरी उचलून नेली तरी रेघ राहते. शब्दाचंही तेच झालं, दोरी निघून गेली आणि रेघ तेवढी राहिली. आणि हे पाहायला सुताराकडेच जावं याला कारण आहे. 'सुतार' हा शब्द आला सूत्रधारापासून, सूत्र धरणारा तो. आपल्याकडेही 'सूत्र' म्हणजे आधी दोरा आणि मग नियम. इंग्रजांनी जवसाच्या दोऱ्यापासून जे केलं, तेच आपण केव्हाच करून बसलो होतो.

जुनी दोरी सगळीच गेली असंही नाही. जहाजावरचे लोक अजून दोराला लाइनच म्हणतात. आणि आपल्या गवंड्याच्या पिशवीत थापी-ओळंब्याच्या जोडीला असते ती लाइनदोरी. लाइन म्हणजे दोरी, दोरी म्हणजे दोरीच. तरी बिचाऱ्याने दोन्ही भाषांना मान दिला आहे.

आता आमच्या खोली नंबर १७ कडे येतो. रस्ता घोड्यांच्या तळावरून जातो.

फौज मुक्कामाला थांबली की घोडे बांधायला लांबच लांब दोर ताणायचे आणि त्याला ओळीने घोडे बांधायचे. इंग्रज फौजेत अशा जागेला घोड्यांच्या लाइन्स म्हणत. आपण पागा म्हणालो असतो. तसेच तंबूही सरळ ओळीत लावायचे, त्याही लाइन्स. ईस्ट इंडिया कंपनीची फौज हिंदुस्थानात कायमची छावणी करून राहायला लागली तेव्हा तंबूंच्या जागी झोपड्या आल्या, पण नाव तेच राहिलं. गोरा सोल्जर राहायचा बराकीत, जी सरकार बांधून द्यायचं. देशी शिपाई राहायचा लाइन्समध्ये. बंगालच्या फौजेत तर झोपडी शिपायानेच माती-गवताने उभी करायची, सरकार थोडेफार पैसे द्यायचं. जागा मात्र सरकार आखून देईल तीच. ओळ सोडून इकडेतिकडे झोपडी घालायची नाही. गावातला माणूस घर बांधतो तेव्हा विहीर पाहतो, सावली पाहतो, भाऊबंद कुठे आहेत ते पाहतो. इथे पाहायचं ते एकच, दोरी कुठून गेली आहे.

१८५७चा उठाव याच लाइन्समधून सुरू झाला. मेरठला २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळाच्या ९० जणांना काडतुसं घ्यायला सांगितलं. ८५ जणांनी नकार दिला. ९ मे रोजी सगळ्या पलटणींसमोर त्यांचे गणवेश उतरवून पायात बेड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, शिपाई लाइन्समधून बाहेर पडले, तुरुंग फोडून सोबत्यांना सोडवलं आणि रातोरात दिल्लीच्या वाटेला लागले. शाळेत आम्हाला काडतुसांची चरबी शिकवली. ते खरंच आहे. पण ओळीने बांधलेल्या झोपड्यांत एक बातमी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला किती वेळ लागतो हे लाइनीत राहिलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडे एकाच्या खोलीत भांडण झालं की बाविसाव्या खोलीत ते चहाबरोबर पोचायचं.

हाच शब्द पुढे मजुरांच्या मागे लागला. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या, चहाच्या मळ्यांना माणसं हवी होती, ती करारावर हिंदुस्थानातून नेली. १८३४ पासून मॉरिशसला जी गेली त्यांत आपल्या कोकणातलीही होती. फिजीला १८७९ पासून १९१६ पर्यंत जहाजं जात राहिली. तिथे मजुरांच्या राहण्याच्या जागेला म्हणत कुली लाइन्स. लांबलचक लाकडी पडवीसारखी इमारत, मध्ये फळ्या मारून केलेल्या खोल्या, एकेक साधारण १० फूट बाय ७ फूट. एका खोलीत तीन एकटे पुरुष किंवा एक कुटुंब. फळ्या छतापर्यंत जायच्या नाहीत, त्यामुळे शेजारच्याचा खोकला आपल्याच खोलीत. आसामच्या चहामळ्यांत आजही 'लेबर लाइन' म्हणतात आणि श्रीलंकेच्या डोंगराळ भागातल्या तमिळ मजुरांची घरं आजही 'लाइन रूम' म्हणूनच ओळखली जातात. हे वाचताना मी थोडा वेळ उठून गॅलरीत गेलो. आमची खोली इतकी लहान नव्हती, पण नकाशा ओळखीचा होता. एकाला एक चिकटलेल्या खोल्या, पुढे सलग व्हरांडा, टोकाला नळ, त्यापलीकडे संडास.

आणि आता गंमत पहा. साहेब जिथे राहायचे त्या भागालाही लाइन्सच म्हणत. सिव्हिल लाइन्स. १८५४ मध्ये भोसल्यांचं नागपूर इंग्रजांनी खालसा केलं. तिथल्या सिव्हिल लाइन्समध्ये आज विधानभवन आहे, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, मोठी झाडं आणि मोठमोठी आवारं आहेत. तिथे एका बंगल्यातून हाक मारली तर दुसऱ्या बंगल्यात ऐकू जाणार नाही. शब्द तोच, पण तिथे पत्ता सांगताना कुणी "बसस्टँडच्या मागे" म्हणत नाही. मराठीने यात एक बारीकसा फरक करून ठेवला आहे, तो कुणाच्या लक्षात आला आहे की नाही माहीत नाही. साहेबांच्या त्या लाइन्स, अनेकवचनी आणि इंग्रजीत. शिपायांची ती लाइन, एकवचनी. आणि तिला आपले प्रत्यय लागतात. 'सिव्हिल लाइन्स मध्ये' राहायचं असतं, 'लाइनीत' राहायचं नसतं.

रांगेला आपण लाइन म्हणतो याचंही मला कोडं होतं. इंग्लंडमधला इंग्रज रांगेला क्यू म्हणतो, लाइन म्हणतो तो अमेरिकन. आपण तर इंग्रजी इंग्रजांकडून घेतली. माझा आपला अंदाज असा की रांगेचा हा शब्द आपल्याला पुस्तकातून आला नसावा, तो कवायतीच्या मैदानावरून आणि पोलिसाच्या तोंडून आला असावा. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं तेव्हा दुकानापुढच्या गर्दीला "लाइनीत या" हे हवालदाराशिवाय कोण सांगणार? बाबांनी नोकरीभर दुसरं काय केलं? यात्रेत, मतदानाला, गणपतीत, लोकांना लाइनीत उभं केलं आणि रात्री स्वतः लाइनीत झोपायला आले. २०१६च्या नोव्हेंबरात नोटा बदलायला बँकेपुढे उभे राहिले तेव्हा मात्र निवृत्त झाले होते. तीन तासांनी घरी येऊन म्हणाले, "लाइन नीट लावली नव्हती."

रेल्वेची लाइन जरा वेगळ्या स्वभावाची. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर गाडी धावली तेव्हापासून हा शब्द मुंबईकराच्या पत्त्यात शिरला. तिथे 'वेस्टर्नला राहतो' आणि 'सेंट्रलला राहतो' हे गोत्र सांगितल्यासारखं सांगतात. पण मला आवडतो तो 'लाइन क्लिअर'. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनला विचारायचा, रस्ता मोकळा आहे का? तिकडून होकार आला की यंत्रातून एक गोळा सुटायचा. तो गोळा कातडी पिशवीत घालून पिशवी मोठ्या कडीला अडकवायची आणि धावत्या इंजिनातल्या माणसाच्या हाती द्यायची. तो हातात असल्याशिवाय गाडी पुढच्या तुकड्यात जायची नाही. दोन माणसं एकमेकांना न दिसता एका तारेवर विश्वास ठेवायची आणि हजारभर माणसं निर्धास्त झोपलेली असायची. लग्न जमवताना "तिकडून लाइन क्लिअर आहे" असं म्हणतात, तेव्हा तो गोळा आठवायला हरकत नाही.

सगळ्या लाइनी अशा भल्या नसतात. ऑफिसात आपण 'डेडलाइन' 'डेडलाइन' म्हणून उसासे टाकतो. तो शब्द आला तुरुंगातून. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, फेब्रुवारी १८६४ मध्ये, दक्षिणेकडच्या सैन्याने जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांसाठी एक मोकळं कुंपण घातलं. छप्पर नाही, झाडं नाहीत, चारी बाजूंनी लाकडी ओंडक्यांची भिंत. चौदा महिन्यांत सुमारे ४५ हजार कैदी तिथे आले आणि जवळजवळ १३ हजार मेले, बहुतेक हगवणीने आणि उपासमारीने. भिंतीच्या आत साधारण १९ फुटांवर खांबांवर फळ्या ठोकून एक बुटकं कुंपण केलं होतं. ती डेड लाइन. तिला हात लावला किंवा ओलांडली की वरच्या मचाणावरचा पहारेकरी इशारा न देता गोळी घालायचा. छावणीतून एक ओढा वाहत होता, त्याचं पाणी आत येईपर्यंत घाण झालेलं असायचं. जरा बरं पाणी मिळावं म्हणून कैदी वरच्या अंगाला, कुंपणाच्या कडेला हात लांबवायचे. तिथेही गोळी. युद्ध संपल्यावर छावणीचा अधिकारी कॅप्टन हेन्री विर्झवर खटला चालला आणि १० नोव्हेंबर १८६५ला वॉशिंग्टनमध्ये त्याला फाशी दिलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रवाल्यांनी मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेला हा शब्द लावला आणि तो आपल्या टेबलावर आला.

आपली सर्वांत मोठी डेड लाइन १९४७ची. सर सिरिल रॅडक्लिफ हे ८ जुलैला दिल्लीत आले. त्याआधी त्यांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. पाच आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगाल यांच्यातून लाइन आखली, ती जाहीर झाली १७ ऑगस्टला. म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाले तरी आपण कुठल्या देशात आहोत हे कित्येक गावांना अधिकृतपणे माहीत नव्हतं. पुढे काय झालं ते सांगायला नको. सिंधमधून तो प्रांतच्या प्रांत पलीकडे गेल्यामुळे जे हिंदू निघाले, त्यांतल्या हजारोंना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं. युद्धकाळात बांधलेल्या ओळीओळीच्या बराकी. १९४९ मध्ये त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं, पण तिथले लोक आजही 'कॅम्प एक', 'कॅम्प चार' असाच पत्ता सांगतात. लाइन ओलांडून आले, ते ओळीतच राहायला आले.

एवढं सगळं वाचल्यावर एका रात्री आईला विचारलं, तुला कधी लाइनीची लाज वाटली नाही का? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कशाची लाज? त्र्याण्णव साली आठवतं का तुला?" मला आठवत नव्हतं. तिने सांगितलं. सप्टेंबरच्या शेवटी किल्लारीचा भूकंप झाला आणि बाबांना बंदोबस्ताला पाठवलं, किती दिवस ते कुणी सांगेना. मागे आईला टायफॉइड. घरात फोन नाही, आजी गावाला. सोळा नंबरच्या मावशींनी धाकट्याला नेला, एकोणीस नंबरने मला. सकाळचा डबा एका खोलीतून, रात्रीची भाकरी दुसऱ्या. बाबा चोवीस दिवसांनी आले तेव्हा त्यांना आई आजारी होती हे घरी आल्यावरच कळलं. "भिंतीला भिंत होती म्हणून," आई म्हणाली, "नाहीतर मेलेच होते मी."

मी गप्प बसलो. एकोणीस नंबरमध्ये मी झोपायचो ते मला आठवत होतं. का झोपायचो ते कधी विचारलंच नव्हतं. आणि त्याच वर्षी शाळेत मी मित्राला "बसस्टँडच्या मागे" सांगत होतो.

परवा भावाने दुसरा फोटो पाठवला. कौलं हलवली आहेत, जमीन सपाट केली आहे. तिथे सात मजली इमारती होणार आहेत, लिफ्टसकट. सध्या लाइनआउट चाललंय. चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या आहेत, त्यांना पांढरी लाइनदोरी ताणली आहे आणि तिच्याखाली फक्कीची रेघ मारली आहे. आईने फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. विचारत होती, यात सतरा नंबर साधारण कुठे येतं?